नखाएवढं नितळ पाणी

काल सकाळी अकराच्या सुमाराला मी कुठेतरी गेलो होतो. कुठे, ते माहीत नाही. किती वेळ, ते मात्र चांगलं माहीत आहे, कारण तेव्हा माझ्या हातात बीकर होतं. दीड लिटरचं बीकर, त्यात खारट पाण्यात ढवळलेल्या रेझिनच्या मण्यांचा दाटसर पांढरा घोळ, समोर छातीएवढी उंच काचेची नळी आणि तिच्या तोंडाशी तिरकी धरलेली काचेची कांडी. कांडीवरून घोळ नळीच्या कडेला धरून उतरवायचा, बुडबुडा होऊ द्यायचा नाही, आणि सगळा एका दमात ओतायचा. एका दमात, हा कॉलम, म्हणजे ही नळी, भरण्याच्या कामातला पहिला नियम. गेली तेवीस वर्षं नव्या येणाऱ्या प्रत्येकाला तो मीच शिकवत आलोय, म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात. बीकर निम्मं रिकामं झालं. मी एक श्वास घेतला. पुढचं ओतायला गेलो तर दंड भरून आला होता, कांडी धरलेली बोटं गार पडली होती, आणि बीकरात राहिलेल्या घोळावर नितळ पाण्याची पट्टी आली होती. करंगळीच्या नखाएवढी. आमचे मणी आपल्या वजनाने तेवढे खाली बसायला साडेचार मिनिटं घेतात. हे मी कुणाला विचारून सांगत नाही. तेवीस वर्षांत मी दुसरं फारसं काही पाहिलेलं नाही.

साडेचार मिनिटं म्हणजे काही फार नाही. आमच्या साहेबांच्या सभेत तेवढ्या वेळात प्रास्ताविकही संपत नाही. पण सभेत बसल्या बसल्या मी कुठे जातो ते मला ठाऊक असतं. कधी घरी, कधी कँटीनमध्ये, एकदा तर थेट शाळेच्या मैदानावर. काल कुठेच गेलो नव्हतो. एका बाजूला निम्मं बीकर होतं, दुसऱ्या बाजूलाही निम्मंच बीकर होतं, आणि मधे एक श्वास होता, तोही नेहमीच्या मापाचा. नियमाप्रमाणे तिथेच थांबून नळीतला सगळा माल परत काढायला हवा होता. मी कांडीने बीकर ढवळलं आणि उरलेला घोळ ओतून टाकला. रस्त्यात घसरून पडलेला माणूस आधी इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं नाही अशी खात्री करून कपडे झटकतो आणि जरा जास्तच झपाझप चालू लागतो, तसा.

हे जरा समजावून सांगायला हवं, कारण ते मला घरीसुद्धा धड समजावता आलेलं नाही. मणी म्हणजे लांबून पीठ वाटावं इतके बारीक गोळे, आणि प्रत्येक गोळ्याला भोकंच भोकं. वरून प्रोटीनचं पाणी सोडलं की आकाराने मोठे रेणू त्या भोकांत मावत नाहीत, ते मण्यांच्या मधल्या वाटेने सरळ खाली उतरतात आणि आधी बाहेर पडतात. लहान रेणू वाटेतल्या प्रत्येक भोकात डोकावतात, चौकशी करतात आणि उशिरा पोचतात. बायकोने हे एकदा शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि "म्हणजे तुझी काकू" एवढंच म्हणाली. काही चुकीचं म्हणाली नाही. सगळं वेगळं होणं एवढ्यावर अवलंबून असतं, फक्त मणी सगळीकडे सारखे बसलेले हवेत. सैल बसले तर पुढे पाण्याच्या दाबाने खचतात आणि वर पोकळी राहते. फार दाबले तर चिरडतात, वाटा बुजतात. आणि दोन दमांत ओतले तर पहिल्या खेपेतले जड मणी आधी खाली जातात, बारीक चुरा त्यांच्यावर सायीसारखा धरतो आणि त्या सायीवर दुसरी खेप बसते. मधे सांधा राहतो. एका रेषेत उतरत असलेलं प्रोटीन त्या सांध्यापाशी अडखळतं, एका बाजूने पुढे सरतं, दुसरीने रेंगाळतं, आणि इतका वेळ खपून जे वेगळं व्हायला आलं होतं ते पुन्हा एकमेकांत मिसळतं.

काल दुपारभर पाणी सोडून मणी बसवले आणि चार वाजता चाचणी घेतली. चाचणी म्हणजे थेंबभर अ‍ॅसिटोन, नखांचा रंग काढायला वापरतात तेच, वरून सोडायचं आणि खालून कसं बाहेर पडतं त्याचा आलेख पाहायचा. चांगला बसलेला कॉलम डोंगर काढतो, चढ आणि उतार सारखे असलेला. उतार चढापेक्षा किती लांबला, त्याचा आकडा मिळतो. एक म्हणजे उत्तम, एक पॉइंट चाळीस ही शेवटची हद्द. माझे कॉलम एक पॉइंट दहाच्या पुढे जात नाहीत, आणि याचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा मुलीच्या मार्कांचाही वाटलेला नाही, हे मुलीलाही माहीत आहे. काल पहिल्यांदा एक पॉइंट सेहेचाळीस आला. दुसऱ्यांदा त्रेचाळीस. तिसऱ्यांदा एकोणचाळीस. मी तिसरा आकडा नोंदवहीत लिहिला आणि पहिल्या दोन्हींपुढे 'जोडणी सैल, चाचणी बाद' असं लिहिलं. जोडणी सैल नव्हती. माझं अक्षर मात्र नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

आज सकाळी चहा घेताना मी बायकोला विचारलं, "मी कधी मधेच थांबतो का गं?" ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते आणि घरातून निघायच्या आधी अर्धा तास स्वतःचाच चष्मा शोधते. शोधता शोधता म्हणाली, "तू सुरू कधी होतोस?" मी हसलो. तीही हसली. मग तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, किंवा मला तसं वाटलं. कालपासून मला सगळ्यांचंच पाहणं जरा जास्त वेळ चालल्यासारखं वाटतं. घरून निघालो तो हातातल्या घड्याळावर नजर ठेवूनच. कोपऱ्यावरच्या सिग्नलला उभा राहून लाल दिव्याचे आकडे मोजले. सदतीसपासून शून्यापर्यंत सलग आले, एकही गळला नाही. मला बरं वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की या बरं वाटण्याला काही अर्थ नाही. वर्गात जो हजर नाही त्यालाच हजेरी घ्यायला लावल्यासारखं होतं हे. जे आकडे मी पाहिले तेवढेच मला दिसणार. रस्ता ओलांडताना मागून एका बाईंनी "चला ना, काय झालं?" असं म्हटलं. दिवा हिरवा होऊन किती वेळ झाला होता? एक सेकंद? त्या बाई मुळातच उतावळ्या असतील. पण मुळातच उतावळ्या असलेल्या बायका मला आजपर्यंत किती वेळा भेटल्या, बँकेतल्या, तिकिटाच्या खिडकीवरच्या, लिफ्टमधल्या, "अहो, तुमचा नंबर आला" म्हणणाऱ्या, याचा हिशोब मी चालता चालता लावू लागलो, आणि तो कुठेच थांबेना.

कामावर पोचल्यावर आधी टॉर्च घेऊन कॉलमपाशी गेलो. खोली थंड असते, प्रोटीनला थंडी लागते म्हणून माणसांनी स्वेटर घालायचा. टॉर्च मागून धरला की मण्यांमधून दुधाळ उजेड येतो. तळापासून साधारण दोन वितींवर, उजेडात केसाएवढी करडी रेघ होती. आडवी, शहाण्यासारखी सरळ. माझ्या डोक्यात काय झालं ते कुणाला कधी दिसलं नसतं, पण ते इथे काचेच्या नळीत उभं होतं, आणि दुपारी तीन वाजता त्याच्यातून बाईंचं प्रोटीन जाणार होतं. बाई म्हणजे पेशी वाढवणाऱ्या विभागाच्या मुख्य. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, नावामागे डॉक्टर, आणि बोलणं बाजारात वांगी निवडणाऱ्या माणसासारखं. आठ महिने त्यांनी पेशी वाढवल्या. दोनदा त्या मेल्या, एकदा वीज गेली, एकदा कुणीतरी दार उघडं ठेवलं. त्यातून शेवटी जेमतेम वाटीभर प्रोटीन निघालं. त्यातले काही रेणू एकेकटे आहेत, काहींनी एकमेकांना चिकटून जोड्या केल्या आहेत. एकटा असला तर औषध; जोडीने असला तर शरीर बिथरतं. यावरून लग्नाबद्दलचे जेवढे विनोद होण्यासारखे होते ते सगळे आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात होऊन गेले. आज जोड्या वेगळ्या काढायच्या आणि एकट्यांना पुढे पाठवायचं. एकदाच जमेल एवढाच माल आहे. वाट चुकली तर पुन्हा आठ महिने, तेही पेशी जगल्या तर.

मी सांगायला हवं होतं हे मला काल अकरा वाजून पाच मिनिटांनीच कळलं होतं. अडचण सांगण्याची नव्हती. "दोन दमांत ओतला" म्हटलं की पुढचा प्रश्न एकच असतो, का? फोन आला होता म्हणावं तर फोन त्या खोलीत नेता येत नाही. कुणी हाक मारली म्हणावं तर खोलीत मी एकटाच होतो. खरं उत्तर द्यायचं तर 'मी नव्हतो' असं द्यावं लागलं असतं. आणि 'मी नव्हतो' म्हणणाऱ्या माणसाच्या हातात उद्या बीकर कोण देईल? मीच दिलं नसतं. मी तर असा माणूस आहे की उसासा टाकणाऱ्यालाही कॉलमपासून लांब उभं करतो.

साडेदहाला ताईला फोन केला. कँटीनच्या मागे, जिथे सगळे फोन करायला जातात आणि सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू येतं.

"ताई, आईचं पहिल्यांदा कधी लक्षात आलं गं?"

"आईचं काय?"

"स्टॅच्यू."

"माझं लग्न ठरलं त्या वर्षी. बावन्नची असेल ती. का रे?"

"सहज."

"तू शेवटचा सहज फोन केलास तेव्हा आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता," ताई म्हणाली. "बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"तुझं किती चालू आहे आता? एक्कावन्न?"

"पन्नास," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे. तिनेही दुरुस्त केलं नाही. माझ्या जन्माच्या वेळी ती चार वर्षांची होती आणि तिला सगळं आठवतं असं तीच सांगत असते.

स्टॅच्यू हे नाव आम्हीच ठेवलं होतं. आई ताईची वेणी घालत असायची आणि मधेच हात थांबायचा. कंगवा हवेत, तीन पेड तिच्या बोटांत, डोळे खिडकीच्या जरा डावीकडे. ताई म्हणायची, "आई, स्टॅच्यू काय खेळतेस, मला उशीर होतोय." मग आई परत यायची आणि वेणी पुढे चालू. बाबा पेपरमागून म्हणायचे, "विचार करतेय तुमची आई. घरात कुणीतरी करायला हवा." सगळे हसायचे. तीही हसायची, पण अर्धा क्षण उशिरा, कशाला हसतायत ते आधी बघून घेतल्यासारखी. ती घरी बसून लोकांचे कपडे शिवायची. एकदा दुपारी मी कॉलेजमधून लवकर आलो तर ती कापडावर कात्री ठेवून बसली होती. कात्री अर्धी मिटलेली. मी हाक मारली, जवळ जाऊन पुन्हा मारली, हाताला हात लावला. भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा मी तीन घरं पुढे जाताना पाहिला. मग कात्री मिटली, कापड सरळ रेषेत कापलं गेलं आणि ती म्हणाली, "अरे, तू केव्हा आलास?" मी सांगितलं. तिने कात्री खाली ठेवली. रागावली नाही, घाबरली नाही, ज्या आवाजात बटणं आणायला सांगायची त्याच आवाजात म्हणाली, "कुणाला सांगू नकोस हं. विचार करत होते." मी वीस वर्षांचा होतो. त्या वयात आपल्यावर कुणी विश्वास टाकला की आपण केवढे तरी मोठे होतो. मी कुणालाही सांगितलं नाही. दीड वर्ष. मग एका दिवशी मशीनची सुई तिच्या मधल्या बोटातून आरपार गेली आणि बाजूच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी येऊन मशीन थांबवलं. डॉक्टर म्हणाले, हे बारीक झटके आहेत, यावर गोळ्या आहेत, आधी का नाही आणलंत? बाबा ताईकडे बघत होते, ताई बाबांकडे. मी वजनकाट्याकडे बघत होतो. गोळ्यांनी ती थांबायची बंद झाली, ते बोट मात्र पुढे कधी वाकलं नाही. ती पुढची वीस वर्षं त्या बोटानेच लोकांना दिशा दाखवायची, ते काम त्याला छान जमायचं.

बारा वाजता साहेबांकडे गेलो. त्यांना आम्ही 'एकूणात' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक बोलणं त्या शब्दाने सुरू तरी होतं किंवा संपतं तरी. माणूस वाईट नाही. त्याला फक्त तपशील आवडत नाहीत.

"सर, कॉलमबद्दल जरा बोलायचं होतं."

"एकूणात पास आहे ना?"

"एकोणचाळीस आहे. माझा एवढा कधी नसतो."

"हद्द किती, मास्तर?"

"चाळीस."

"मग हद्दीतच आहात. हद्दीत राहणाऱ्या माणसाला मी कधी त्रास दिलाय?"

"दोन दमांत ओतला गेलाय, सर. मधे रेघ आहे."

त्यांनी पहिल्यांदा स्क्रीनवरून नजर काढली. "का?"

आला प्रश्न. मी तोंड उघडलं. त्या क्षणी मला मनापासून वाटलं की आता यावीत ती साडेचार मिनिटं, इथे यावीत, काय उपयोग नाहीतर त्यांचा. आली नाहीत. "हात जरा अवघडला होता," मी म्हणालो.

"मग मलम लावा," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी ओतायचं यंत्र येतंय. हात, दंड, दम, सगळ्यातून सुटका. तुमच्याच वयाचा विचार करून मागवलंय." आणि पुन्हा स्क्रीनकडे वळून, "रेघेचं कुठे लिहू नका. आकडा लिहिलाय तेवढा पुरे."

मी बाहेर आलो. खरं म्हणजे माझं काम झालं होतं. वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं, वरिष्ठांनी परवानगी दिली होती, उद्या काही झालं तर माझ्यापाशी दाखवायला एक वाक्य होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन हात धुतले, पुसले, परत धुतले, नळ नीट बंद आहे का पाहिलं. जेवणाचा डबा उघडला आणि मिटला. माझ्यासमोर बसलेला भांडी धुणाऱ्या विभागातला माणूस म्हणाला, "मास्तर, आज डब्याला नुसतं दर्शन?" मी त्याला विचारलं, मी किती वेळ डब्याकडे बघत होतो? तो म्हणाला, "मी काय घड्याळ लावून बसलोय?" बरोबर होतं त्याचं. कुणीच बसलेलं नसतं. कॉलमला निदान अ‍ॅसिटोन आहे. वरून थेंब सोडायचा, खाली आकडा येतो. माणसाच्या आत सांधा आहे की नाही ते पाहायला वरून काय सोडायचं?

तीनला दहा मिनिटं असताना बाई आल्या. बर्फाचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, दार कोपराने ढकललं. आज त्या खुशीत होत्या. स्वेटरवर पांढरा कोट घालून त्यांचा आकार दुप्पट झाला होता.

"मास्तर, चांगला बसलाय ना?"

"बसलाय," मी म्हणालो.

त्यांनी डबा टेबलावर ठेवला, हातमोजे घातले, नळी जोडायला घेतली. मी पंप सुरू केला. पंपाचा आवाज मला आवडतो, कुणीतरी शेजारच्या खोलीत शांतपणे पाढे म्हणतंय असा. बाटलीचं झाकण त्यांनी उघडलं. तळाशी वाटीभर पाणी, पाण्यासारखंच दिसणारं. आठ महिने.

"थांबा," मी म्हणालो.

"काय?"

"तो दोन दमांत ओतलाय. दोन वितींवर सांधा आहे. आकडा एकोणचाळीस लिहिलाय, पण आधीचे दोन चाळिसाच्या वर होते. जोडणी सैल नव्हती. मी खोटं लिहिलं."

त्यांनी आधी झाकण परत लावलं. त्यातच पंधरा सेकंद गेले असतील, फिरवून फिरवून, घट्ट. मग म्हणाल्या, "तुम्ही? दोन दमांत?"

"हो."

"का?"

"मी नव्हतो."

"मग कोण होतं?"

"मीच होतो. पण नव्हतो. साडेचार मिनिटं. मला कळलंसुद्धा नाही, बीकरात पाणी वर आलेलं दिसलं तेव्हा कळलं. आमच्या आईला असं व्हायचं." एवढं मी या खोलीत कधी बोललो नव्हतो. थंडीमुळे माझे शब्द बाहेर पडलेले दिसतात की काय असं वाटलं.

बाईंनी टॉर्च उचलून मागून धरला, रेघ पाहिली, बोटाने काचेवरून तिच्या उंचीला खूण केली. रागावतील असं वाटलं होतं. त्या विचार करत होत्या, आणि खरोखरच करत होत्या, कपाळावर दिसत होतं.

"हे आणखी तीस तास टिकेल बर्फात," त्या म्हणाल्या. "हा काढून पुन्हा भरायला किती वेळ?"

"आत्ता सुरू केलं तर सकाळी चाचणी. अकरापर्यंत तयार."

"मग भरा."

"मी?"

"दुसरं कोण भरणार? एकूणात भरणार?" त्यांनी हातमोजे काढले. "मी इथे उभी राहते. थांबलात की सांगते. त्यांना मी बघून घेते, प्रोटीन माझं आहे. पण मास्तर, एक करायचं. ओतून झालं की घरी फोन करायचा. मला सांगितलंत तसं सगळं घरी सांगायचं. नाहीतर उद्या तुम्ही रस्त्यात स्टॅच्यू होणार आणि माझ्या कॉलमला माणूस राहणार नाही."

मी त्यांना स्टॅच्यू हा शब्द सांगितला नव्हता. तो खेळ सगळ्यांच्याच घरी असतो म्हणा.

कालचे मणी काढले, धुतले, हवा काढून टाकली, नव्याने घोळ केला. नोंदवहीत कालच्या तिन्ही आकड्यांखाली 'जोडणी ठीक होती. दोन दमांत ओतल्यामुळे सांधा. कॉलम रिकामा केला' असं लिहून सही केली. अक्षर आज अगदीच वाकडं आलं. पावणेपाचला मी बीकर उचललं. बाई घड्याळ काढून टेबलाशी उभ्या राहिल्या.

"बोलत राहा म्हणजे मला कळेल," त्या म्हणाल्या. "तेराचा पाढा येतो?"

"येतो."

"म्हणा."

मी कांडी कडेला टेकवली आणि ओतायला सुरुवात केली. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. घोळ काचेला धरून खाली उतरू लागला, सायीसारखा, आवाज न करता. तेरा त्रिक एकोणचाळीस. यावर आम्ही दोघांनीही काही म्हटलं नाही. तेरा चोक, तेरा पाचे, हात चालत होता आणि मी हाताकडे बघत होतो, आणि बघणारा मी आहे की नाही हे पाहायला आणखी एकजण मागे उभा होता, तोही मीच, आणि या सगळ्यांना एकाच वेळी तेरा साते किती ते आठवेना. "एक्क्याण्णव," मी म्हणालो. पाढा संपला तसा पुन्हा पहिल्यापासून धरला. दुसऱ्या फेरीत तेरा आठेला बीकर रिकामं झालं. शेवटचे मणी बाटलीतल्या पाण्याने धुऊन उतरवले आणि बीकर खाली ठेवलं.

"थांबलो का?"

"नाही. साताला अडखळलात, पण ते तुम्हाला येतच नसावं." त्यांनी घड्याळ परत मनगटाला बांधलं. "जा. पाणी मी सोडते."

कँटीनच्या मागे आता कुणी नव्हतं. बायकोने पहिल्याच घंटेला फोन उचलला.

"काय रे? या वेळी?"

"मी मधेच थांबतो," मी म्हणालो. सकाळी जे विचारलं होतं तेच, फक्त आता प्रश्न नव्हता. मग कालचं सांगितलं. बीकर, पाणी, दंड, नोंदवही, बाई. आईचं तिला माहीत होतं तेवढं सोडून बाकीचंही सांगितलं, कात्रीचं, दीड वर्षाचं. पलीकडे दुकानातला आवाज होता, कुणीतरी वरच्या ओळीतली अक्षरं वाचत होतं. मग दार मिटल्याचा आवाज आला आणि रस्त्याचा सुरू झाला. ती बाहेर आली होती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय?"

"थांबतोस ते."

मी भिंतीला टेकलो. भिंत उन्हाने तापलेली होती. "किती वेळा?"

"मी पाहिले ते अकरा. मी नसताना किती, ते काय माहीत."

"सांगितलं का नाहीस?"

पलीकडे रस्त्यावरून एक टेम्पो गेला, मग दोन स्कूटर; तेवढा वेळ मी हजर होतो. "दर वेळी परत येत होतास," ती म्हणाली. "आणि आल्यावर इतका नेहमीसारखा असायचास की मला वाटायचं, माझीच नजर चुकली. दिवसभर दुसऱ्यांची नजर तपासते मी." मग म्हणाली, "उद्या संध्याकाळची डॉक्टरची वेळ घेते. घेऊ ना?"

"घे."

"येशील ना? ऐन वेळी कॉलम नको काढूस मधे."

"येईन. तारखा लिहिल्यायस?"

"आहेत. मोबाइलमध्येच आहेत."

"वाच."

"आत्ता? घरी वाचते ना."

"आत्ता वाच."

तिने घसा साफ केला. "पहिला, मार्चमधला दुसरा रविवार. आपण पंखे पुसत होतो. तू स्टुलावर होतास, मी स्टूल धरलं होतं."

तो रविवार मला चांगला आठवत होता. स्टूल एका पायाने डुगडुगत होतं. पात्यांवरची धूळ तीन वेळा पुसावी लागली, फडकं दोनदा पिळून दिलं तिने. मग खाली उतरून मी हात धुतले, पेपर घेऊन बसलो, दुपारी झोपलो, उठल्यावर मुलीचा फोन आला आणि आम्ही दोघं आळीपाळीने तिच्याशी तेच तेच बोललो. डोळे मिटून मी तो पुन्हा पहिल्यापासून पाहिला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो मला सलग आठवत होता, सांधा कुठेच दिसत नव्हता.